पक्ष आटला, मतदारसंघ टिकला: गणपतराव देशमुख आणि सांगोला

१९६२ साली, महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा निवडणूक झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्यांत सर्वांत मोठा पक्ष शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आणि त्याचे आमदार १५. त्या पंधरांत सांगोल्याहून पहिल्यांदाच निवडून आलेला, कायद्याचं शिक्षण घेतलेला एक तरुण होता, गणपतराव देशमुख. २०१४ मध्ये शेकापचे तीन आमदार आले, त्या तिघांतही ते होते. मधल्या बावन्न वर्षांत ते दोनदा हरले, १९७२ आणि १९९५ ला. जिंकले अकरा वेळा, एकाच मतदारसंघातून आणि एकाच लाल बावट्याखाली. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले, तेव्हा सोलापूर जिल्ह्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. जिल्ह्याची हद्द ओलांडली की मात्र ओळख झपाट्याने पातळ होत जाते, आणि राज्याबाहेर तर नावही फारसं कुणाला माहीत नाही.

जे थोडं माहीत आहे ते बहुतेक दोन गोष्टींपुरतं: एसटीने फिरणारा आमदार आणि सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा विक्रम. विक्रमाचं आधी सांगून टाकतो, कारण तो नेहमी चुकीचा सांगितला जातो. केरळमधले के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून तेरा वेळा निवडून आले. तामिळनाडूत करुणानिधीही तेरा वेळा आमदार झाले, मतदारसंघ मात्र वेगवेगळे. त्यामुळे ‘देशात पहिले’ हे बिरुद खरं नाही. महाराष्ट्रात मात्र अकरा वेळा विधानसभेत गेलेला दुसरा कुणी नाही. मणींचा पक्षही छोटाच होता, पण केरळच्या आघाडीच्या राजकारणात छोट्या पक्षाला जवळजवळ प्रत्येक सरकारमध्ये जागा असते. गणपतरावांची, म्हणजे सांगोल्याच्या आबासाहेबांची, जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. सत्तेत नसताना अकरा वेळा निवडून येणं ही माझ्या मते तेराच्या आकड्याहून अवघड गोष्ट आहे.

एसटीची गोष्ट खरी आहे. लाल गाडीत आमदारांसाठी राखीव आसनाची पाटी असते. त्या आसनावर आमदार बसलेला दिसणं इतकं दुर्मीळ झालं की कंडक्टर ती जागा बिनदिक्कत दुसऱ्याला देतो. आबासाहेब त्या जागेवर बसून सोलापूरला, पुण्याला, मुंबईला जात. पण साधेपणाने निवडणूक जिंकता येत असती तर महाराष्ट्रातले कितीतरी समाजवादी आणि कम्युनिस्ट नेते आयुष्यभर विधानसभेत बसले असते. साधी राहणी, स्वच्छ हात, अभ्यासू भाषणं हे सगळं असलेली माणसं अनामत गमावून घरी बसलेली आपण पाहिली आहेत. साधेपणामुळे लोक आदर करतात. त्या आदराचं मतांत रूपांतर करायला वेगळं काहीतरी लागतं. या प्रकरणात ते काय होतं, हे मला इथे मांडायचं आहे.

पक्ष कुठून आला

शेकाप १९४७-४८ च्या सुमारास काँग्रेसमधून फुटून निघाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, नाना पाटील ही ब्राह्मणेतर चळवळीत आणि स्वातंत्र्यलढ्यात घडलेली माणसं त्यात होती. स्वातंत्र्य आलं तरी शेतकरी-कामगाराच्या हाती काही आलं नाही, काँग्रेस शेठजींची झाली, ही त्यांची तक्रार होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद स्वीकारला. सोलापूर जिल्ह्यात या पक्षाला खोल मूळ होतं. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत सोलापूरहून शंकरराव मोरेच निवडून गेले होते.

मग गळती सुरू झाली आणि ती कधी थांबलीच नाही. जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले, मोरेही पुढे परतले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्षाला पुन्हा उभारी दिली, पण राज्य मिळालं आणि यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं. ग्रामीण बहुजन समाजातला जो कार्यकर्ता शेकापचा आधार होता, त्याच्यापुढे जिल्हा परिषद, साखर कारखाना, जिल्हा बँक अशी दारं एकामागून एक उघडत गेली. गावातली सोसायटी हातात ठेवायची तर जिल्हा बँक लागते, जिल्हा बँकेसाठी काँग्रेस लागते. तिथे विचारसरणीने फार काळ तग धरला नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा आहे, म्हणजे आबासाहेबांच्या कारकिर्दीची पहिली तेवीस वर्षं कुणीही उठून पलीकडे जाऊन बसू शकत होता. अनेक जण तसे गेलेही.

शेकापचे आमदार १९६७ ला १९ झाले, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९९० ला ८, १९९९ ला ५, २००४ ला २. रायगडमध्ये अलिबाग-पेणचा पट्टा टिकला. कंधारला केशवराव धोंडग्यांनी बराच काळ किल्ला लढवला. बाकी ठिकाणी लाल बावटा वर्धापनदिनापुरता उरला. सांगोला मात्र राहिला.

कोरडा तालुका

सांगोला माणदेशाचा भाग. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या एका नदीचं नावच कोरडा आहे. नीरा उजवा कालवा या भागात पोचतो तो अगदी शेपटाला, वरच्यांचं भागून उरलं तर. शेजारी पंढरपूर, माळशिरस उसाचे तालुके. तिथे कारखाने आले आणि कारखान्याभोवती काँग्रेसची घराणी उभी राहिली. सांगोल्यात पाणीच नव्हतं, त्यामुळे ऊस नव्हता आणि उसाच्या पैशावर उभं राहणारं घराणंही बराच काळ नव्हतं.

हे मला या प्रकरणातलं पहिलं कारण वाटतं, आणि ते आबासाहेबांच्या गुणांशी संबंधित नाही. शेकापला ज्या यंत्रणेने बाकी जिल्ह्यांत गिळलं ती यंत्रणा सांगोल्यात उशिरा आणि अशक्त पोचली. पोकळी होती. पण पोकळी आटपाडीत होती, जतमध्ये होती, माणमध्येही होती. तिथे असा कुणी पन्नास वर्षं टिकला नाही.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. खिलार बैलांसाठी तो दूरवर प्रसिद्ध आहे, मेंढ्या-शेळ्यांची उलाढालही मोठी. दावणीला बांधलेल्या खोंडाचे दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचा. पाऊस झाला नाही की हाच बाजार बघवत नाही. चारा नसलेला शेतकरी पोटच्या पोरासारखी वाढवलेली जोडी मिळेल त्या भावाला सोडतो. तालुक्याचं राजकारण समजून घ्यायचं तर आधी हा बाजार बघायला हवा. या तालुक्यात मत मागणाऱ्याला तीनच गोष्टी विचारल्या जातात: जनावराला चारा, हाताला काम आणि रानाला पाणी.

पहिला पराभव आणि १९७२ चा दुष्काळ

१९७२ च्या मार्चमधली निवडणूक बांगलादेश युद्धानंतरच्या इंदिरा लाटेतली. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, शेकापचे सात आले, आणि दोनदा निवडून आलेले आबासाहेब पडले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९७२-७३ चा दुष्काळ माणदेशाच्या बोलण्यात अजून आहे: खडी फोडायची कामं, लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी, पोरांना मिळणारी सुकडी, नालाबंडिंगवर घरदार घेऊन गेलेली माणसं. शेकाप, लाल निशाण, समाजवादी आणि कम्युनिस्ट यांनी या कामांवरच्या मजुरांना संघटित केलं. काम द्या, वेळेवर मजुरी द्या, पुरेसं धान्य द्या, यासाठी राज्यभर मोर्चे निघाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर वाढली. तिच्यामागे शासनाचं शहाणपण होतं तसाच या मोर्च्यांचा रेटाही होता.

१९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने आबासाहेबांना परत पाठवलं. निवडणुकीचा निकाल एका कारणाने लागत नाही हे मला मान्य आहे. पण दुष्काळात ज्या पक्षाचा बावटा खडीच्या ढिगाजवळ दिसला त्याला लोकांनी लक्षात ठेवलं असं म्हणायला जागा आहे. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० असे ते सलग येत राहिले.

१९७८ मध्ये पुलोदचं (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं आणि त्यात ते मंत्री झाले. रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला तो याच सरकारच्या काळात. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने दिला. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं आणि ते पुन्हा विरोधी बाकावर.

विरोधी बाकावरच्या छोट्या पक्षाच्या आमदाराकडे काय असतं, हे नीट समजून घ्यायला हवं. सभागृहात चर्चेला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर. तीन आमदारांच्या पक्षाला शेवटची काही मिनिटं. निधीवाटपात तो शेवटी, बदल्यांमध्ये त्याचा शब्द चालत नाही. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तास चर्चा ही आयुधं सदस्याची असतात. ती वापरायला वाचन लागतं आणि शेवटपर्यंत सभागृहात बसण्याची तयारी लागते. आबासाहेब बसत. अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचून येणारा, नियमावर बोट ठेवून बोलणारा आमदार अशी त्यांची ख्याती सर्व पक्षांत होती. ज्याच्याकडे सत्ता नाही त्याने सरकारी कागद सत्ताधाऱ्यापेक्षा जास्त वाचायचा, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते.

सूतगिरणी

आता सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीकडे येतो, कारण या प्रकरणाचं खरं मर्म तिथे आहे.

महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या ज्या सूत्रावर उभ्या राहिल्या ते असं: सभासदांचं भांडवल ५ टक्के, राज्य शासनाचं भागभांडवल ४५ टक्के, उरलेलं ५० टक्के कर्ज. म्हणजे शंभरातले पंचाण्णव रुपये दुसऱ्याचे. ज्याच्या खिशातून पाच गेले, ज्याने पंचाण्णव आणले आणि ज्याच्या हाती कारभार आला, त्याला गिरणी बुडाली तरी वैयक्तिक झळ फारशी लागत नाही. उलट ती उभी राहत असतानाच यंत्रखरेदी, बांधकाम, नोकरभरती यातून जे मिळवायचं ते मिळवता येतं. राज्यातल्या कितीतरी गिरण्या याच वाटेने गेल्या. काहींची चाती फिरायच्या आत कर्ज थकलं, काही दोन-चार हंगाम चालून बंद पडल्या, काही अवसायनात गेल्या.

सांगोल्याची गिरणी तर आणखी अडचणीत असायला हवी होती, कारण या तालुक्यात कापूस जवळजवळ पिकतच नाही. गाठी बाहेरून आणायच्या, वाहतुकीचा खर्च सोसायचा, त्यावर सूत काढून बाजारात टिकायचं. तरीही ही गिरणी वर्षानुवर्षं नफ्यात चालली आणि राज्यात तिचं उदाहरण दिलं जाऊ लागलं. तिच्या जोडीला महिलांची वेगळी सहकारी सूतगिरणीही उभी राहिली. ज्या तालुक्यातल्या बायकांनी खडी फोडली होती त्यांच्या लेकीबाळी पगारी कामाला जाऊ लागल्या.

गिरणी का टिकली याचं गूढ नाही. कापूस कधी आणि कितीला घ्यायचा, वीज किती जळते, कचऱ्यात कापूस किती जातो, किती माणसं लागतात, या चार प्रश्नांवर गिरणीचा नफा ठरतो. त्यांतला शेवटचा प्रश्न राजकारण्याला सर्वांत अवघड जातो. आमदाराच्या दारात रोज कुणीतरी पोराला चिकटवा म्हणून उभा असतो. प्रत्येकाला हो म्हटलं की गिरणी कार्यकर्त्यांची पोटभरणी होते आणि पाचएक वर्षांत कुलूप लागतं. इथे नाही म्हटलं गेलं, आणि ते नाही ऐकूनही माणसं पक्षात राहिली. का राहिली? कारण आमदाराच्या घरातलंही कुणी गिरणीवर पोसलं जात नाही हे त्यांना दिसत होतं. साधेपणाचा उपयोग इथे आहे. तो मत मिळवून देत नाही, पण नकार देण्याचा अधिकार देतो. त्यांच्या राहणीबद्दलच्या शंभर कौतुकाच्या गोष्टींपेक्षा मला ही एक गोष्ट जास्त सांगून जाते.

त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच गिरणीच्या आवारात.

पाणी

कृष्णा लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं आणि ३१ मे २००० नंतर फेरविचाराची मुभा ठेवली. त्याआधी धरणं बांधून पाणी अडवायला हवं होतं. नव्वदच्या दशकात त्यासाठी घाई सुरू झाली, १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. पण अडवलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. नदीकाठचा ऊस आधीच ओला होता, आणि माणदेश उंचावर. पाणी उचलून न्यायचं तर टेंभू, म्हैसाळसारख्या प्रचंड उपसा योजना हव्यात आणि त्यांचं वीजबिल कुणीतरी भरायला हवं.

१९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही तिच्यामागची प्रमुख माणसं. कृष्णाकाठावरचा वाळव्याचा स्वातंत्र्यसैनिक, श्रमिक मुक्ती दलाचा विचारवंत आणि माणदेशातला आमदार असे तीन वेगळ्या वाटांचे लोक एका मागणीवर आले: सांगली, सातारा, सोलापूर भागातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळालं पाहिजे, आणि ते समन्यायी वाटलं पाहिजे. समन्यायी म्हणजे जमिनीच्या एकराप्रमाणे नव्हे तर कुटुंबाप्रमाणे, भूमिहीनालाही हिस्सा. नायकवडी स्वतः साखर कारखाना चालवणारे, बागायती पट्ट्यातले. त्यांनी दुष्काळी भागासाठी उभं राहणं ही महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासातली दुर्मीळ घटना आहे, आणि ती जितकी सांगितली जायला हवी तितकी जात नाही.

परिषद दरवर्षी भरत राहिली. टेंभूचं काम रेंगाळलं, निधी अडकला, पुन्हा सुरू झालं. पाणी टप्प्याटप्प्याने आलं, काही गावांना आलं, काहींना अजून वाट बघावी लागते. समन्यायी वाटपाचं सूत्र बऱ्याच अंशी कागदावर राहिलं. हे अपयश मान्य करायला हवं. पण तालुक्यात प्रत्येक निवडणुकीत पाण्यावरच बोलावं लागतं, ही सवय या माणसाने लावली.

दरम्यान शेतकऱ्यांनी वाट बघितली नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि सांगोल्याच्या मुरमाड रानात डाळिंब लागलं. अजनाळ्यासारख्या गावांनी शेततळी खोदून, ठिबक टाकून बागा उभ्या केल्या आणि डाळिंब परदेशी पाठवलं. पुढे तेल्याने आणि मर रोगाने या बागांचं फार नुकसान केलं, पण तालुक्याचा चेहरा बदलला तो बदललाच. त्याचं श्रेय एकट्या आमदाराला देणं बरोबर नाही. ते कष्ट शेतकऱ्यांचे आहेत.

१९२ मतं

१९९५ ची निवडणूक. राज्यभर काँग्रेसविरोधी वारं होतं. शिवसेना ७३, भाजप ६५, काँग्रेस ८० वर घसरलेली, अपक्ष ४५. अशा वर्षी सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले आणि आयुष्यभर काँग्रेसशी लढलेले गणपतराव हरले. फरक १९२ मतांचा. तालुक्यातल्या शंभरेक गावांत ही मतं वाटली तर एका गावाला दोनही येत नाहीत.

वाऱ्याच्या उलट लागलेला निकाल म्हणजे कारण तालुक्याच्या आत आहे. ३३ वर्षं तोच चेहरा, मतदारयादीत आलेली नवी पिढी, समोर तरुण, फर्डा, गावरान बोलीत सभा मारणारा उमेदवार. शेकापची गावपातळीवरची बांधणी १९६० च्या दशकातल्या कार्यकर्त्यांवर उभी होती, ते म्हातारे झाले होते. ज्या मुलाने १९७२ बघितलं नाही त्याला खडीच्या ढिगाची गोष्ट सांगून मत मिळत नाही.

अशा वेळी सत्तरीकडे आलेला नेता काय करतो? बरेच जण विधान परिषद मागतात, महामंडळ घेतात, पक्ष बदलतात किंवा मुलाला पुढे करतात. १९९५ ते १९९९ या काळात आबासाहेबांकडे आमदारकी नव्हती. गिरणी होती, पाणी परिषद होती, बाजार समिती आणि सोसायट्यांतले कार्यकर्ते होते. त्यांचं काम आमदारकीवर अवलंबून नव्हतं म्हणून ते थांबलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्याजोगी चार वर्षं ही आहेत. ज्या पुढाऱ्याची सगळी ताकद खुर्चीत असते त्याचा एक पराभव पुरतो. इथे खुर्ची गेली तरी माणसं दारात येत राहिली, कारण कामं खुर्चीबाहेर होती.

१९९९ ला ते परत निवडून आले, आणि मग २००४, २००९, २०१४. २०१४ च्या मोदी लाटेत, स्वतः ८८ वर्षांचे असताना, त्याच शहाजीबापूंना त्यांनी सुमारे २५ हजार मतांनी हरवलं.

मंत्रिपद गेलं तेव्हा

१९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारला शेकापच्या पाच आमदारांनी पाठिंबा दिला आणि आबासाहेबांकडे रोजगार हमी आणि पणन ही खाती आली. ज्याने आयुष्यभर कामाच्या हक्कावर भाषणं केली त्याच्याकडे रोजगार हमी, इतकी नेमकी जुळणी राजकारणात क्वचित होते. पण २००२ मध्ये रायगड जिल्ह्यात शेकाप आणि राष्ट्रवादी यांचं बिनसलं, पक्ष सरकारबाहेर पडला आणि मंत्रिपद त्याबरोबर गेलं. भांडण सांगोल्याचं नव्हतं. सांगोल्याला त्या मंत्रिपदाचा उपयोगच होता. पक्षाने ठरवलं, ते उठले.

यात निष्ठा आहे हे खरं, आणि मला तिचा आदर वाटतो. पण याच प्रसंगात पक्षाचा आजारही दिसतो. दोन बेटांवर उरलेला पक्ष एका बेटावरच्या भांडणासाठी राज्याच्या सरकारमधून बाहेर पडतो, तेव्हा त्याला राज्याचं राजकारण उरलेलं नसतं. आबासाहेबांसारखा, एन. डी. पाटलांसारखा अधिकार असलेली माणसं पक्षात असताना तो नव्या जिल्ह्यांत वाढला नाही. सांगोल्यात त्यांनी जे उभं केलं ते पुन्हा कुठे उभं राहिलं नाही. पन्नास वर्षं एका तालुक्याला दिली, त्याची ही किंमत होती.

जातीचा मुद्दा

गणपतराव धनगर समाजातले आणि सांगोल्यात धनगर मतदार मोठ्या संख्येने. ‘जातीवर निवडून आले’ असं म्हणणारे आहेत, आणि मुद्दा टाळण्यात अर्थ नाही. संख्येचा फायदा निश्चित झाला. पण माणदेशातल्या इतर तालुक्यांतही धनगर समाज मोठा आहे आणि तिथून असा सलग निकाल आला नाही. शिवाय १९९५ ला हीच जातीची गणितं असताना ते हरले. पक्षाच्या गावोगावच्या फळीत मराठा, माळी, रामोशी, दलित कार्यकर्ते होते. जातीचा पाया होता, पण अकरा मजले केवळ त्यावर चढले नसते.

पुढे कोण

२०१९ ला त्यांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं. कार्यकर्ते गळ घालत होते, काही तर भर बैठकीत रडले. पक्षाने आधी घराबाहेरच्या एका कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं, त्यावर नाराजी उसळली आणि शेवटी उमेदवारी नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे गेली. ते ७६८ मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच, आता शिवसेनेचे. २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी शहाजीबापूंनी गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या फोनमुळे सांगोला देशभर गाजला. ज्या तालुक्याने अर्धशतक गणपतराव देशमुखांना निवडून दिलं त्याची ओळख देशाला अशी व्हावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घराणेशाहीवर टीका करत वाढलेल्या पक्षाला घराबाहेरचा उमेदवार पचवता आला नाही, ही या प्रकरणातली सर्वांत दुखरी जागा आहे. दोष एकट्या नेत्याचा नाही. नातवाचा आग्रह खालून आला. पण पन्नास वर्षांत दुसऱ्या फळीतला एकही चेहरा तालुक्याने आपला मानावा इतका वर आला नाही, हे कुणीतरी वेळीच बघायला हवं होतं. गिरणीत घर आणि संस्था वेगळी ठेवता आली, उमेदवारीत आली नाही.

२०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. महाविकास आघाडीतल्या मित्रपक्षानेच, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने, तिथे स्वतःचा उमेदवार दिला होता. तिरंगी लढतीत बाबासाहेबांनी शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवलं. २८८ जणांच्या सभागृहात शेकापचा तो एकच आमदार आहे. रायगडमधल्या जागा या वेळीही आल्या नाहीत. पक्षाचा गटनेता, प्रतोद आणि वक्ता तोच. त्याच्यापुढच्या कागदात टेंभूच्या पाण्याचा प्रश्न अजून आहे.